वऱ्हाडी मंडळींसाठी कोकणी टोपली

मे महिन्यात सिंधुदुर्गात लग्न आणि पाहुणे मुंबई-पुण्याहून रात्रभर प्रवास करून येणार? मग त्यांच्या खोलीत स्वागताची टोपली हवीच! बुरुडाकडून बांबूची रोवळी घ्या, नंतर ती घरात वापरता येते. आत वेंगुर्ल्याचे भाजलेले काजू (भौगोलिक मानांकन मिळालेले), आलं-गुळात घोळवलेलं मालवणी खाजं आणि कोकम सरबताची बाटली. सरबताऐवजी आगळ देत असाल तर चिठ्ठी जरूर लावा: त्यात मीठ असतं, साखर नसते, ते सोलकढीसाठी. हापूस सगळ्यात वर ठेवा, खाली दबतो. सोबत ओआरएसची पाकिटं, डासांचं मलम, मुहूर्ताची वेळ, गाडीवाल्याचा नंबर. आणि टोपली पाहुण्यांच्या आधी खोलीत पोहोचवा!