व्यवसायोपचार : हातांनी शिकायची विद्या

‘व्यवसायोपचार’ हा शब्द ऐकला की पुष्कळांना ती नोकरी-धंदा मिळवून देणारी एखादी सरकारी योजना वाटते. प्रत्यक्षात येथे ‘व्यवसाय’ म्हणजे माणूस रोज जी कामे करतो ती सारी : जेवणे, आंघोळ, शर्टाची बटणे लावणे, पोळ्या लाटणे, यंत्र चालविणे. आजाराने किंवा अपघाताने ही कामे करण्याची शक्ती गेली, तर ती शक्य तितकी परत मिळवून देणारे शास्त्र म्हणजे व्यवसायोपचार, अर्थात ऑक्युपेशनल थेरपी.

या शास्त्राचे भारतातील शिक्षण आपल्या मुंबईतच सुरू झाले. मूळच्या अमेरिकन आणि विवाहानंतर येथल्याच झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात देशातील पहिली व्यवसायोपचार शाळा काढली. १९५२ मध्ये या शास्त्राचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात का शिरावे, असे कोणी विचारील. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. माझे वडील कारखान्यात प्रेसवर काम करीत असताना त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांच्या कंडरा तुटल्या. शस्त्रक्रिया झाली, पण बोटे पुन्हा वळू लागली ती व्यवसायोपचाराच्या बाईंनी बसवलेल्या स्प्लिंटमुळे आणि करून घेतलेल्या व्यायामामुळे. तो स्प्लिंट चुकीच्या कोनात बसला असता तर आमच्या घराचे काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही. हे कसब त्या बाईंना कोणी आणि कसे शिकवले असेल?

याचे उत्तर मला कांजूरमार्गच्या आमच्या चाळीतच मिळाले. शेजारची ताई हेच शिक्षण घेत आहे. तिच्याकडून समजले ते असे, की हाताचे कसब तीन पायऱ्यांनी येते : नीट पाहणे, स्वतः करणे, आणि आपले कोठे चुकते ते दुसऱ्याने दाखवणे.

पहिली पायरी पाहण्याची. स्प्लिंटचे प्लॅस्टिक गरम पाण्यात मऊ करतात आणि दोन-चार मिनिटांत, ते गार होऊन कडक होण्याआधी, रुग्णाच्या हातावर आकाराला आणतात. शिक्षिका टेबलाशी हे दाखवत असतात तेव्हा मागच्या विद्यार्थ्यांना पुढच्यांच्या पाठीच दिसतात. येथे चित्रफीत उपयोगी पडते. ताई सकाळच्या धीम्या लोकलमध्ये मोबाइलवर तीच फीत पाहते, अंगठ्याच्या बेचक्याशी थांबवते, पुन्हा मागे नेते. शिक्षिका तेच प्रात्यक्षिक दहादा करू शकत नाहीत. फीत करू शकते. पाहणे घरीच उरकल्यावर वर्गातला वेळ हाताने करण्यासाठी मोकळा राहतो.

दुसरी पायरी मात्र कोणत्याही पडद्यावर चढता येत नाही. पक्षाघातानंतर काहींच्या हाताचे स्नायू ताठरतात. अशा रुग्णाचे कोपर झटकन सरळ करू लागले, की मध्येच हात अडकल्यासारखा वाटतो. हे अडकणे डोळ्यांना दिसत नाही, तळहाताला जाणवते. त्यावरूनच ताठरपणाची श्रेणी ठरते. २०२० साली महामारीमुळे वर्ग बंद पडले तेव्हा जगभर प्रात्यक्षिकेसुद्धा पडद्यावर न्यावी लागली. पण हे जाणवणे पडद्यातून पोचवण्याचा उपाय तेव्हाही नव्हता. ताई सांध्याचा कोन मोजण्याचा सराव माझ्या कोपरावर करते. हाडाचा उंचवटा बोटाने चाचपून तेथे कोनमापकाचा मध्य धरायचा असतो, आणि प्रत्येकाचा उंचवटा वेगळा. म्हणून चाळीतल्या लहानथोरांची कोपरे तिने मोजून झाली आहेत!

तिसरी पायरी चुका दाखवण्याची. येथे यंत्र पुन्हा मदतीला येते. रुग्णाला खाटेवरून व्हीलचेअरवर घेताना विद्यार्थ्यांचे चित्रण करतात आणि नंतर यादी हाती घेऊन ते तपासतात : ब्रेक लावला का? पायपट्ट्या वर केल्या का? खुर्ची रुग्णाच्या सशक्त बाजूला ठेवली का? ज्याला ‘मी ब्रेक लावला होता’ अशी खात्री असते, त्याला स्वतःचेच चित्र निरुत्तर करते. अशा ठरावीक याद्यांवर कौशल्याची परीक्षा घेण्याची पद्धत स्कॉटलंडमधील डंडीचे रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ साली मांडली. आज वैद्यकीय शिक्षणात ती सर्वत्र रुजली आहे.

तरीही एक उणीव राहते, आणि ती यंत्राची नाही. ताई पाहते त्यांतल्या बहुतेक फिती परदेशी आहेत. त्यांतला रुग्ण टेबलाशी बसून चमच्याने जेवतो आणि टबात आंघोळ करतो. आमच्याकडचा रुग्ण जमिनीवर मांडी घालतो, हाताने भात कालवतो, मोरीत पाटावर बसून आंघोळ करतो. त्याच्या घरात व्हीलचेअर वळायलाही जागा नसते. एका हाताने नऊवारी कशी नेसावी, हे त्या फिती कशा सांगणार? लुळा हात बाहीत आधी घालावा आणि काढताना शेवटी काढावा, हा नियम सगळीकडे सारखाच. पण घर सारखे नसते.

म्हणून मला वाटते, अशा फिती मराठीत आणि आपल्या घरांतच तयार झाल्या पाहिजेत. त्यांत ज्ञान त्या विद्यार्थ्यांचे असेल. पण रुग्णाच्या आईला समजेल अशी साधी, स्वच्छ मराठी लिहून देणे हे काम आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांचे नाही का? आपल्या प्राध्यापकांनी मनावर घेतले, तर एका सत्रात दोन-चार फितींची संहिता सहज होईल. यंत्र पाहायला शिकवील, चूकही दाखवील. मधली पायरी हातालाच हात धरून चढावी लागेल. ती चढणाऱ्यांना आपण निदान शब्दांचा आधार देऊ शकतो.