जुन्या पोकलेनची नाडीपरीक्षा

फ्रान्समधील एका कंपनीच्या नावावरून मराठी मुलखात ‘पोकलेन’ म्हणून रूढ झालेले खोदाईयंत्र जुने झाले, की भर कामात त्याचे इंजिन दबू लागते. यंत्रावर मालकाचे कर्ज आणि चालकाची रोजी अवलंबून असल्याने इंजिन खोलण्याची घाई होते. हा खर्च पुष्कळदा वायाच जातो.

या यंत्रात इंजिन तेलाचा पंप फिरविते. बकेटला बळ मिळते ते दाबाखालील तेलाचे. म्हणून बिनभाराने इंजिनाचे फेरे पूर्ण होतात काय, हे प्रथम पाहावे. भार पडताच ते दबत असेल, तर धूर पाहावा. काळा धूर म्हणजे हवा अपुरी, अथवा पंपाचा भार अति. धूर जवळजवळ नसेल, तर डिझेलच कमी पडत असावे. फिल्टर, टाकीतील गाळ, झाकणाचे वायुछिद्र आणि नळीचे सांधे तपासावेत. निळसर धूर वंगण जळत असल्याची खूण होय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला, तर न जळलेले डिझेल किंवा आत शिरलेले पाणी यांचा संशय घ्यावा.

फिल्टर बदलणे स्वस्त, इंजिन खोलणे महाग. तपासणीचा क्रमही हाच असावा.