फोन बदलत गेले, अ‍ॅप तीच राहिली

२०११-१२च्या सुमारास कीपॅडचे फोन मागे पडून अँड्रॉइड हातात येऊ लागले, तेव्हा दुकानदार रॅम आणि मेगापिक्सेल तोंडपाठ म्हणून दाखवायचा. ‘यात मराठी दिसतं का?’ असं विचारलं की मात्र विषय बदलायचा. अँड्रॉइडच्या जिंजरब्रेड आवृत्तीच्या जमान्यातल्या बऱ्याच फोनांवर मराठी बातमी उघडली की चौकोनांच्या रांगाच दिसत. त्यावर एक तोडगा कानोकानी फिरत होता. ऑपेरा मिनी हा ब्राउझर उतरवून घ्यायचा, पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीतून ‘ऑपेरा:कॉन्फिग’ टाइप करायचं आणि उघडलेल्या यादीत बिटमॅप फॉन्टच्या पर्यायापुढे ‘यस’ करायचं. मग अक्षरांची चित्रं होऊन पान यायचं. डेटा जरा जास्त जाई, पण जोडाक्षरं शाबूत असत. नवा फोन घेतला की मित्रमंडळींत पहिलं काम हेच.

वाचायची सोय झाली तरी लिहायची नव्हती. आयआयटी मुंबईच्या मंडळींनी २०१३मध्ये ‘स्वरचक्र’ आणलं, तेव्हा ती अडचण सुटली. ‘क’वर बोट टेकवलं की त्याच्या भोवती का, कि, की, कु असं चक्र उघडायचं, बोट न उचलता हव्या त्या अक्षराकडे सरकवायचं. ज्याला बाराखडी येते त्याला हा कीबोर्ड वेगळा शिकवावा लागत नसे. इंग्रजी कळांवर मराठी बसवण्याऐवजी मराठीच्या घडणीवरून कळफलक आखला, ही त्यातली खरी हुशारी. २०१४च्या अँड्रॉइड लॉलिपॉपमध्ये फोनची भाषाच मराठी करता येऊ लागली आणि ऑगस्ट २०१७मध्ये गूगलने मराठीत बोलून टाइप करायची सोय दिली. आमच्या घरची ज्येष्ठ मंडळी ट्रंककॉलवर बोलावं तशी फोनशी खणखणीत आवाजात बोलू लागली ती तेव्हापासून. बोलता बोलता मध्येच ‘गॅस बंद कर गं’ असं म्हटलं, तर तेही आत्याला गेलेल्या निरोपात उमटतं. चालायचंच.

आम्हा डोंबिवलीकरांच्या प्रत्येक फोनमध्ये एक अ‍ॅप मात्र न विचारता येतं: एम-इंडिकेटर. सचिन टेके यांनी ते २०१०मध्ये केलं, तेव्हा ते साध्या जावा फोनवरही चालायचं. लोकलचं अख्खं वेळापत्रक फोनमध्येच साठवलेलं, त्यामुळे रेंज नसली तरी अडत नसे. हातघाईच्या वेळी फास्ट लोकल किती वाजता, कुठे थांबते, एवढंच हवं असतं आणि तेवढंच ते सांगतं. दिसायला देखणं कधीच नव्हतं. नसलं तरी चालतं.

रेल्वेच्या यूटीएस अ‍ॅपचा किस्सा वेगळा. २०१५मध्ये कागदाविना तिकीट मिळू लागलं, पण जीपीएसची अट होती: स्टेशनात किंवा रुळांलगत उभं राहून तिकीट निघणार नाही. टीसी दिसला की घाईघाईने तिकीट काढणाऱ्यांसाठी ही तजवीज. परिणाम असा, की लोक स्टेशनबाहेरच्या वडापावच्या गाडीपाशी फोन हवेत धरून जागा शोधत गोल फिरताना दिसत. तरी खिडकीपुढची रांग वाचली, हे नाकारता येणार नाही. २०२५मध्ये रेल्वेचं नवं अ‍ॅप ‘रेलवन’ आलं, पण त्यात यूटीएसचा जुना पासवर्डही चालतो.

पैशांचं तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. २०१६मध्ये यूपीआय आलं, सप्टेंबरमध्ये जिओ, नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी आणि वर्ष संपता संपता ‘भीम’. त्या वर्षानंतर ज्यांनी फोन बदलला, त्यांनी कॅमेऱ्यासाठी नव्हे, पैसे देण्या-घेण्यासाठी बदलला. सुट्ट्या पैशांऐवजी हातात चॉकलेट टेकवायची दुकानदारांची सवय त्यात पार मोडली.

गावाकडे याहून मोठा बदल २०२१च्या १५ ऑगस्टपासूनचा. ई-पीक पाहणी अ‍ॅपमुळे शेतकरी स्वतःच बांधावर उभा राहून पिकाचा फोटो काढतो आणि सातबाऱ्यावर नोंद करतो. पूर्वी ते तलाठ्याचं काम होतं. घरातला कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी यामुळे शिवारात पुन्हा दिसू लागली, हा त्याचा एक न ठरवलेला फायदा.

फोन बदलण्याची कटकटही पुष्कळ कमी झाली आहे. एके काळी सिमकार्डात जेमतेम अडीचशे नंबर मावत आणि नावं अर्धवट कापली जात. ‘जोशी प्लंबर’ आणि ‘जोशी प्लॉट’ दोघेही ‘जोशी प्ल’. मग फोटो-गाणी इकडून तिकडे न्यायला शेअरइट आलं, कागद स्कॅन करायला कॅमस्कॅनर. जून २०२०मध्ये केंद्र सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात ही दोन्ही गेली. टिकटॉकचा गाजावाजा झाला. अडचण खरी झाली ती स्कॅनरवाल्यांची. आता कागद स्कॅन करायची सोय गूगल ड्राइव्हमध्येच आहे आणि लायसन्स डिजिलॉकरमध्ये. २०१८पासून वाहतूक पोलिसाला ते दाखवलेलं चालतं.

इतक्या वर्षांत फोनवर जी अ‍ॅप टिकली ती रांग, रेंज आणि लिपी यांपैकी एखादी अडचण सोडवणारीच. चेहऱ्याला मांजराचे कान लावणारी आली तशी गेली. तेव्हा दिवाळीत आईवडिलांना नवा फोन घेऊन देणार असाल, तर मेगापिक्सेल मोजण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन भाषा मराठी करा, बोलून टाइप करायचं बटण कुठे आहे ते दाखवा, आणि जुना फोन कुणाला देण्याआधी त्यातलं बँकेचं आणि यूपीआयचं अ‍ॅप आठवणीने काढून टाका.