संगणकीय खेळ व आवृत्तींचें जतन

विद्येच्या प्रत्येक क्षेत्रांत नवें निर्माण करण्याइतकेंच जुनें राखणेंहि महत्त्वाचें असतें. हल्लीं कित्येक विद्यार्थी संगणकावर स्वतः खेळ रचूं लागले आहेत. एक जण आज्ञावली लिहितो, दुसरा चित्रें काढतो, तिसरा ध्वनि जुळवितो. थोड्याच दिवसांत 'अंतिम', 'अंतिम दोन', 'खरोखर अंतिम' अशा नांवांच्या प्रती साचतात, आणि त्यांतील खरी कोणती हें कोणासच सांगतां येत नाहीं. यावरील उपायास 'व्हर्शन कंट्रोल', म्हणजे आवृत्ति-नियंत्रण, म्हणतात. त्याचा आम्ही येथें थोडक्यांत विचार करूं.

हा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाहीं. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्यें पूर्ण झाली. पुढें सुमारें तीन शतकें ती हातानें उतरून घेतली जात असतां तींत पाठभेद शिरले. शके 1506 मध्यें, म्हणजे इ. स. 1584 च्या सुमारास, पैठणच्या एकनाथमहाराजांनीं तिची शुद्ध प्रत सिद्ध केली व तींत कोणीं स्वतःची ओवी घालूं नये असें बजावलें. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति 1919 मध्यें हातीं घेऊन 1966 मध्यें पुरी केली. तींत न स्वीकारलेले पाठहि, ते कोणत्या पोथ्यांत आहेत या नोंदीसह, तळटीपांत राखले आहेत. मागचें पुसून न टाकतां पुढें जाणें, हेंच या विद्येचें मर्म होय.

संगणकावर हेंच काम 'गिट' नांवाचें साधन करतें. लिनस टॉरवाल्ड्स यांनीं लिनक्सच्या कामासाठीं तें 2005 मध्यें रचलें. कामाचा एक टप्पा पुरा झाला कीं त्याची नोंद करावयाची; हिला 'कमिट' म्हणतात. काय, कोणीं व केव्हां बदललें हें तींत आपोआप राहतें. कां बदललें, हें मात्र आपण लिहावयाचें असतें. 'उडीची उंची वाढविली' ही ओळ महिन्यानंतरहि उपयोगी पडते. 'बदल केले' ही पडत नाहीं.

नवा प्रयोग करावयाचा असल्यास वेगळी शाखा काढावी. मांजरसुंब्याच्या चौफुलीवरून एक वाट बीडकडे, एक चौसाळ्याकडे, एक पाटोद्याकडे व एक केजकडे जाते. चुकीच्या वाटेस लागलेला प्रवासी परत फिरूं शकतो, कारण चौफुली जागची हलत नाहीं. मुख्य शाखा तशीच असावी. तेथें नेहमीं चालता खेळच ठेवावा. प्रयोग साधला तर तो तींत मिळवावा, न साधला तर सोडून द्यावा.

खेळांच्या कामांत एक विशेष अडचण येते. आज्ञावली हा मजकूर असल्यामुळें दोघांचे निरनिराळ्या ओळींतील बदल गिट जुळवून घेतें. चित्राच्या किंवा ध्वनीच्या फाइलींत अशा ओळी नसतात. दोघांनीं एकाच वेळीं एकच चित्र बदललें तर एकाची मेहनत वायां जाते. म्हणून काम आरंभण्यापूर्वीं त्या फाइलीस कुलूप लावावें. 'गिट एलएफएस' या जोडसाधनांत ही सोय आहे. शिवाय मोठी फाइल निराळी ठेवून वहींत तिची केवळ खूण तें राखतें. युनिटीवर काम करणाऱ्यांनीं 'लायब्ररी' फोल्डर भांडारांत घालूं नये, कारण तें पुनः आपोआप तयार होतें. 'मेटा' फाइली मात्र अवश्य घालाव्या; नाहींतर चित्रें व खेळ यांचा संबंध तुटतो. वगळावयाच्या वस्तूंची यादी 'गिटइग्नोर' फाइलींत पहिल्याच दिवशीं लिहावी.

आतां चार इशारे. पहिला, ज्याची नोंदच केली नाहीं तें काम गिट परत आणूं शकत नाहीं. दुसरा, सर्व नोंदी एकाच संगणकावर असतील तर तो बिघडतांच सर्व जातें; म्हणून रोज दूरच्या भांडारांत प्रत पाठवावी. तिसरा, पासवर्ड कधींहि नोंदवूं नये. पुढें तो खोडला तरी जुन्या नोंदींत राहतो, आणि तसें घडल्यास पासवर्डच बदलावा. चौथा, सामाईक शाखेवर बळजबरीनें आपली प्रत लादूं नये. त्यानें सोबत्याच्या नोंदी दिसेनाशा होतात.

हे नियम सोपे आहेत, परंतु ते पहिल्या दिवसापासून पाळले तरच फळ देतात. जुनें सुरक्षित आहे असा भरंवसा असला म्हणजे नवें करून पाहण्यास हात कचरत नाहीं, असें आम्हांस वाटतें.