निष्पर्ण साग

हिंगोली जिल्ह्यातील नरसी नामदेव हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. बालपणी त्यांनी कुऱ्हाडीने पळसाची साल काढली आणि झाडाला किती वेदना झाल्या असतील, हे जाणण्यासाठी तीच कुऱ्हाड आपल्या पायावर चालविली, अशी आख्यायिका आहे. झाडाला ओरडता येत नाही, पळताही येत नाही. मग आपल्यावरील आघात ते कसे सोसते? शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, किनवटच्या अरण्यात विपुल वाढणारा साग याचे उत्तर देतो.

पावसाळ्याच्या आरंभी सागाला कोवळी पालवी फुटते. त्याच सुमारास एक लहानसा पतंग तिच्यावर अंडी घालतो. त्यांतून निघालेल्या अळ्या पानाचा काठ दुमडून आत दडतात आणि सुमारे पंधरवड्यात झाडे ओकीबोकी करून टाकतात. पावसाळा सरत आला की दुसऱ्या जातीची अळी येते. ती शिरा तेवढ्या ठेवून पानाची जाळी करते. परंतु तोवर पानांचे बरेचसे कार्य उरकलेले असल्याने तिच्यामुळे होणारी हानी कमी असते.

पान हे झाडाचे स्वयंपाकघर होय. तेथे तयार झालेल्या अन्नाचा काही भाग पिष्टाच्या रूपाने खोडात व मुळांत साठतो. पाने नष्ट झाली की झाड ही पुंजी मोडून पुन्हा पालवी धारण करते. म्हणूनच निष्पर्ण झालेला साग सहसा मरत नाही. मात्र वाढीसाठी राखलेले धन असे खर्ची पडते. केरळातील नीलंबूर येथे कोवळ्या सागांवर प्रयोग झाले. अळीपासून न राखलेल्या झाडांच्या लाकडाची वाढ सुमारे ४४ टक्क्यांनी घटल्याचे १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात दिसून आले. असा आघात वारंवार झाला, तर पुंजी आटते आणि दुर्बळ झालेले झाड अवर्षणाला व अन्य किडींना सहज बळी पडते.

तरीही वृक्ष अगदी निःशस्त्र नसतात. सागाचे पान जून झाले की राठ होते व कोवळी पाने खाणाऱ्या अळीला ते रुचत नाही. कित्येक वनस्पती एका पानाला इजा होताच इतर पानांत कडू-तुरट द्रव्ये निर्माण करतात. काही वनस्पतींच्या कुरतडलेल्या पानांतून विशिष्ट गंध दरवळतो व अळ्यांवर अंडी घालणाऱ्या लहान माश्या त्याच्या मागाने तेथे येतात. पक्षीही अळ्या वेचून खातात.

यास्तव बांधावरचा साग आषाढात उघडा पडलेला दिसला, तर तो मेला असे समजून त्यावर कुऱ्हाड चालविण्याची घाई करू नये. काही आठवडे धीर धरावा. बहुधा नवी पालवीच त्याच्या जिवंतपणाची साक्ष देईल.