यादीत आपलं नाव आहे का?

बैठकीत एकीने विचारलं, "'रुस्तम' सिनेमात कोर्टात बाजूला बसलेली माणसं कोण?"

ती ज्यूरी. आरोपी दोषी की निर्दोष, हे तुमच्या-आमच्यासारखी माणसं सांगतात. मुंबईत 1959 साली नानावटी या नौदल अधिकाऱ्यावर खुनाचा खटला चालला. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष म्हटलं, पण उच्च न्यायालयाने ते मानलं नाही, जन्मठेप दिली. पुढे 1973 च्या फौजदारी कायद्यात ज्यूरी उरलीच नाही.

इंग्लंड-अमेरिकेत ती आजही आहे. तिथे मतदार यादीतून, चिठ्ठ्या उचलाव्यात तशी नावं निघतात. म्हणजे यादीत नाव नाही, तर न्यायाला बसणंही अवघड. आणि नाव असूनही बाई बाहेरच, असंही झालं. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात बाईने आधी लेखी कळवलं तरच तिचा विचार व्हायचा. पुरुषाला असलं काही नव्हतं! 1975 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे चूक ठरवलं.

आपल्याकडे पहिल्या निवडणुकीच्या वेळी सुमारे 28 लाख बायकांची नावं वगळली गेली. त्यांनी स्वतःचं नावच सांगितलं नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच.

आज आपल्याला नाव सांगायची लाज नाही, पण यादी पाहायचा कंटाळा आहे. गावातलं परवान्याचं दारू दुकान बंद करायला आडव्या बाटलीचं मतदान होतं, तेव्हा आलेल्या बायकांच्या निम्म्या मतांनी भागत नाही. यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. लग्न होऊन गेलेल्या लेकी, वारलेल्या आज्या यादीत तशाच राहिल्या, तर त्यांची न पडलेली मतं दुकानदाराच्याच कामी येतात.

यादीची तपासणी बहुतेक दिवाळीच्या पुढे-मागे निघते, नेमकी ऊसतोडीला गेलेल्या घरांना कुलूप असतं तेव्हा. म्हणून कोयता उचलायच्या आधीच गटाने बीएलओकडून यादी घ्यावी आणि मोठ्याने वाचावी. नवीन नावाला नमुना 6, वगळायला 7. सुनेचं नाव माहेरच्या यादीत असेल तर 8 भरून इकडे आणायचं, दुसऱ्यांदा 6 भरायचा नाही. अंबडच्या तहसील कार्यालयातही अर्ज देता येतो. पोच मागून घ्या.