बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्याच्या टाकीत काय अंथराल, नकली खडक कसा कराल?

वसई-विरारकर मित्रांनो, अर्नाळा-राजोडीची वाळू टाकीत घालू नका. तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचे तुकडे असतात.

नव्या आणि लहान पिल्लाला साधा टिश्यू पेपर उत्तम. विष्ठा लगेच दिसते, तब्येत कळते. मोठ्याला दोन भाग खतविरहित माती, एक भाग धुतलेली बारीक वाळू. नुसतं कोकोपीट आपल्या पावसाळ्यात ओलं राहतं, बुरशी धरतं.

खडकासाठी टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल कटरने कोरा. वर टाइल ग्राउटचे तीन-चार हात द्या: पहिला ताकासारखा पातळ, पुढचे दाट. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. शेवटी वॉटर-बेस्ड सीलर लावा आणि वास पूर्ण गेल्यावरच खडक आत ठेवा. तो थेट तळावर टेकवा; मातीवर ठेवला तर प्राणी खालून उकरताना चिरडला जाऊ शकतो.

टाकीतल्या ऊब देणाऱ्या दिव्याखाली मात्र थर्माकोल नको, तो वितळतो. तिथे कडप्प्याचा तुकडा ठेवा, छान तापतो.

आणि टाकीत ठेवायला तुंगारेश्वरच्या जंगलातून घोरपड किंवा सरडा आणून पाळू नका. घोरपड १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. विदेशी प्राणीही कागदपत्रं तपासूनच घ्या.